बोटावरचा आकडा सगळ्यात शेवटी बोलतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ५३, राहणार मुलुंड. दोन वर्षांपूर्वी एएलएसचं (हालचालींचे मज्जातंतू आणि त्यामुळे स्नायू हळूहळू कमकुवत करणाऱ्या आजाराचं) निदान झालं. सुरुवात पायांपासून झाली, बोलणं आणि गिळणं अजून चांगलं आहे. एफव्हीसी (पूर्ण श्वास भरून जोराने बाहेर सोडता येणारी हवा, अपेक्षित आकड्याच्या टक्क्यांत) सहा महिन्यांपूर्वी ८१ टक्के होती, परवा ६८ आली. घरी ऑक्सिमीटर रोज तीनदा लावतो, ९६-९७ दाखवतो. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात श्वास किती उतरला हे माझं मला घरी कळेल का? काय मोजू, कितीदा मोजू? हल्ली सकाळी डोकं जड असतं, पण ते उकाड्यामुळे असावं. ॲसिडिटीमुळे तिसरी उशी घ्यायला लागलोय. बहिणीकडे कोविडच्या वेळचा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पडून आहे, तो आणून ठेवू का?

मी श्वसनाची फिजिओथेरपिस्ट आहे. स्नायूंच्या आणि मज्जातंतूंच्या आजारांत श्वास तपासणं, बायपॅपची (मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाला मदत करणाऱ्या यंत्राची) सवय लावून देणं, कफ काढायला शिकवणं हे माझं काम. काही दिवस रुग्णालयात, काही दिवस लोकांच्या घरी. तुमचं तुम्हाला कळेल का, तर हो, बरंच कळेल. पण त्याआधी तुम्ही जाता जाता लिहिलेल्या दोन गोष्टींकडे वळते, कारण तुमच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मला त्याच जास्त बोलक्या वाटल्या: सकाळचं जड डोकं आणि तिसरी उशी.

ही दोन्ही लक्षणं तुमच्या डॉक्टरांना याच आठवड्यात कळवा. पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. उकाडा आणि ॲसिडिटी ही खरी कारणं असूही शकतात, पण एएलएस असलेल्या आणि सहा महिन्यांत एफव्हीसी तेरा टक्क्यांनी उतरलेल्या माणसाच्या बाबतीत आम्ही उलटं धरून चालतो. आधी श्वास तपासायचा, तो निर्दोष ठरला की मग उकाडा.

याचं कारण समजून घेतलंत की काय मोजायचं हे आपोआप लक्षात येईल. तुमची फुप्फुसं निरोगी आहेत. थकतोय तो भाता ओढणारा हात, म्हणजे मुख्यतः छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, डायफ्रॅम. उभं किंवा बसलेलं असताना पोटातले अवयव खाली ओढले जातात, डायफ्रॅमला मदत होते, आणि मानेचे व बरगड्यांमधले स्नायूही हातभार लावतात. उताणं झोपलं की पोटाचा सगळा भार डायफ्रॅमवर येतो. त्यात स्वप्नं पडतात त्या झोपेत, म्हणजे आरईएम झोपेत, मानेचे आणि बरगड्यांचे स्नायू सैल पडतात, श्वास जवळजवळ एकट्या डायफ्रॅमवर चालतो. म्हणून दिवसा बैठकीत गप्पा मारणाऱ्या, आकडे छान असणाऱ्या माणसाचा श्वास रात्री तीन वाजता कमी पडत असतो. कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने डोक्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि सकाळी डोकं दुखतं. उठून बसल्यावर, थोडं हिंडल्या-फिरल्यावर तासाभरात उतरणारी डोकेदुखी ही त्याची खूण. झोप होऊनही न झाल्यासारखं वाटणं, गुदमरल्याची स्वप्नं, रात्री सारखं लघवीच्या निमित्ताने उठणं, दुपारी वर्तमानपत्र हातात असतानाच डोळा लागणं, भूक मंदावणं, चिडचिड हेही त्याच माळेतलं.

आता ऑक्सिमीटर. २०२० आणि २०२१ नंतर मुंबईत तो नाही असं घर विरळा. त्या काळात ९४ च्या खाली गेलं की धावपळ आणि वर असलं की निर्धास्त, हे आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. कोविडमध्ये ते बरोबरच होतं, कारण तिथे फुप्फुसच आजारी होतं. तुमच्या आजारात आधी चढतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि बोटावरचं यंत्र तो मोजतच नाही. रक्तात तो साधारण ३५ ते ४५ (मिलिमीटर पारा) असावा. तो ५५ पर्यंत चढला तरी स्वच्छ फुप्फुसांच्या माणसाचं बोट ९३-९४ दाखवू शकतं. शिवाय घरगुती यंत्रात दोन-तीन टक्क्यांची चूक धरायचीच. म्हणून ९७ बघून मी निश्चिंत होत नाही. मात्र नेहमी ९७ असणारा आकडा, सर्दी-कफ नसताना, जागेपणी ९४ वर येऊन टिकला तर तो तुमच्यासाठी कोविडमधल्या ८८ इतका गंभीर समजा. दिवसातून तीनदा लावायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा, सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच लावा. बोट गार असेल, मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर आकडा फसवा येतो.

मग घरी काय मोजायचं? मी माझ्या लोकांना तीन गोष्टी देते. त्याहून जास्त देत नाही, कारण रोज दहा आकडे लिहिणारा माणूस महिन्याभरात एकतर घाबरून जातो नाहीतर वही बंद करतो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, जेवणानंतर दोन तास सोडून.

पहिली गोष्ट, एका श्वासात मोजणं. ताठ बसा, पूर्ण श्वास भरा आणि नेहमीच्या आवाजात, सेकंदाला साधारण दोन या गतीने, श्वास न घेता मोजत जा. निरोगी प्रौढ पन्नासच्या आसपास जातो. वीसच्या खाली उतरणं म्हणजे श्वासाची ताकद बरीच कमी झाली आहे. आपले मराठी आकडे वीसनंतर लांब होतात, एकोणतीस-एकोणचाळीसमध्येच दम जातो. म्हणून एक ते दहा पुन्हा पुन्हा मोजा आणि किती दहाके झाले ते दुसऱ्या कुणालातरी बोटांवर धरायला सांगा. तीनदा करा, मध्ये विसावा घ्या, सगळ्यात मोठा आकडा लिहा. शेजाऱ्याशी किंवा इंटरनेटवरच्या कुणाशी तुलना करू नका. तुमचा आजचा आकडा आणि तुमचाच दोन महिन्यांपूर्वीचा आकडा, एवढीच तुलना कामाची. आणखी एक अट: बोलणं जड झालं, शब्द ओढायला लागलात, की ही चाचणी सोडून द्या. तेव्हा ती श्वासाऐवजी जीभ मोजायला लागते.

दुसरी गोष्ट, खोकल्याचा जोर. याकडे फार कमी जणांचं लक्ष असतं आणि मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. एएलएसमध्ये माणूस अचानक रुग्णालयात दाखल होतो त्यामागे पुष्कळदा साधी सर्दी असते. कफ सुटतो, पण बाहेर फेकता येत नाही. दम्याच्या रुग्णांसाठी मिळणारा पीक फ्लो मीटर कुठल्याही मोठ्या रुग्णालयाजवळच्या मेडिकलमध्ये काहीशे रुपयांत मिळतो. दम्यात त्यात फुंकतात, तुम्ही त्यात खोकायचं. छातीभर श्वास घ्या, ओठ नळीभोवती घट्ट मिटा, जोरात एकदा खोका. तीनदा करून सगळ्यात मोठा आकडा लिहा. मिनिटाला २७० लिटरच्या खाली आलात की सर्दी-तापात कफ अडकण्याचा धोका धरायचा, आणि अंबू बॅगने (हाताने दाबून हवा भरायच्या फुग्याने) श्वासावर श्वास भरून मग खोकण्याची पद्धत शिकून घ्यायची. हे घरातल्या माणसालाही यायला हवं. एका बैठकीत शिकता येतं. १६० च्या खाली खोकला स्वतःच्या बळावर कफ काढण्याजोगा राहत नाही, तिथे खोकल्याला जोर देणारं कफ असिस्ट यंत्र लागतं. पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यातच, हा आकडा तपासून घ्या असं मी सगळ्यांना सांगते. जूनमध्ये घरोघरी सर्दी सुरू झाल्यावर शिकायला उसंत मिळत नाही.

तिसरी गोष्ट, आडवं होणं. हे एकट्याने करायचं नाही, घरातलं कुणीतरी शेजारी हवं. एका उशीवर उताणे पडा आणि बघा, पाच मिनिटं शांत पडता येतं का. त्रास झाला की लगेच उठून बसा, ताणू नका. शेजारच्या माणसाने तुमच्या पोटाकडे बघायचं. श्वास आत घेताना पोट वर यायला हवं. ते आत खेचलं जात असेल तर डायफ्रॅम थकला आहे. हे एक वेळा दिसलं तरी फोन करा, पुढच्या आठवड्यात पुन्हा बघण्यासाठी थांबू नका. उशांची संख्याही लिहा. तिसरी उशी कधी आली, तो महिना आठवून पहिल्या पानावर टाका.

रात्रीचा रकाना तुम्ही भरू नका. तो पत्नीला, मुलाला, जो कुणी त्याच खोलीत झोपतो त्याला भरू द्या. श्वास उथळ आणि भरभर चालला होता का, मानेच्या शिरा ताणल्या जात होत्या का, कितीदा उठलात, सकाळी डोकं दुखलं का. झोपलेल्या माणसाला स्वतःची रात्र माहीत नसते. आणि अनेक पुरुष रुग्ण ओपीडीत 'मी ठीक आहे' म्हणतात तेव्हा मागे उभी असलेली बायको नुसती मान हलवत असते. तिच्या हातात लिहिलेला कागद असला की डॉक्टरांना तिचं ऐकावंच लागतं.

काय मोजू नये तेही सांगते. तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं यंत्र, ज्यावर ६००, ९००, १२०० लिहिलेलं असतं, ते शस्त्रक्रियेनंतर फुप्फुस फुलवण्यासाठी आहे. तुमचा श्वास मोजायला ते उपयोगी नाही, आणि चेंडू वर जात नाहीत म्हणून सकाळ-संध्याकाळ झगडत बसण्याने स्नायू बळकट होत नाहीत, थकतात. कपालभाती जोरात करू नका. कुंभक किती सेकंद टिकतो हाही तुमच्यासाठी मापदंड नाही. शांत, सावकाश दीर्घश्वसनाने बरं वाटत असेल तर खुशाल करा.

घरची वही कितीही चांगली ठेवलीत तरी ती प्रयोगशाळेतल्या पीएफटीची, म्हणजे एफव्हीसी मोजणाऱ्या फुप्फुसांच्या चाचणीची, जागा घेत नाही. तीन महिन्यांनी जायचंच, आणि तुमची घसरण बघता मी आता दोन महिन्यांवर आणेन. मुलुंडहून गाडी, व्हीलचेअर, लिफ्ट, रांग हे सगळं किती थकवतं याची मला कल्पना आहे. केईएम, सायन, नायर अशा पालिका रुग्णालयांत चाचणी स्वस्तात होते, खाजगीत रांग कमी असते. कुठेही करा, पण दरवेळी त्याच ठिकाणी करा. यंत्र बदललं, अपेक्षित आकड्याचं सूत्र बदललं की टक्के बदलतात आणि आपण विनाकारण खूश किंवा हवालदिल होतो. म्हणून टक्क्यांसोबत लिटरचा आकडाही लिहून ठेवा. व्हीलचेअरवर असाल तर उंची अंदाजाने सांगू नका, दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंतचं अंतर मोजायला सांगा, त्यावरून उंची धरता येते. रिपोर्टवर 'रिस्ट्रिक्टिव्ह' असं छापून येईल. ते बघून कुणी दम्याचा पंप सुरू केला तर विचारा, कशासाठी.

तंत्रज्ञांकडे दोन गोष्टी स्पष्ट मागा. एक, बसून आणि उताणं झोपून अशी दोन्ही एफव्हीसी. निरोगी माणसात झोपल्यावर किरकोळ फरक पडतो. पंचवीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त पडला तर डायफ्रॅम कमकुवत झाल्याचं ते ठळक लक्षण आहे, बसून आलेली एफव्हीसी कितीही गोड असो. दुसरी, नाकाने जोरात हुंगण्याची स्निप चाचणी, जिथे उपलब्ध असेल तिथे. ओठ नळीभोवती मिटत नाहीत तेव्हा एफव्हीसी खोटी कमी येते. पुढे कधी बोलण्यावर परिणाम झाला तर तुम्हाला स्निपचाच आधार लागेल.

रक्ताच्या साध्या तपासणीतूनही एक धागा मिळतो. इलेक्ट्रोलाइट्सबरोबर बायकार्बोनेट करून घ्या. आपल्याकडे बहुतेक लॅब सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड देऊन मोकळ्या होतात, बायकार्बोनेट वेगळं मागावं लागतं. कार्बन डायऑक्साइड रोज रात्री साठत असेल तर शरीर त्याला तोंड द्यायला बायकार्बोनेट वाढवतं. तो आकडा २७-२८ च्या वर सरकत असेल तर धमनीतल्या रक्ताची चाचणी, म्हणजे एबीजी, करायला हवी. आणि रात्रभर नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर बायपॅप पुरवणाऱ्यांकडून एका रात्रीपुरता भाड्याने मिळतो. झोपेत सलग पाच मिनिटं ८८ किंवा खाली राहिलं तर रात्री यंत्राची गरज आहे हे ठरतं. तुमच्या सकाळच्या डोकेदुखीसाठी मी या दोन चाचण्या आधी करून घेईन.

आता निर्णयाबद्दल. मोजायचं ते निर्णय वेळेवर घेता यावा म्हणून. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार एफव्हीसी ५० च्या खाली गेली तर बायपॅपचा विचार करायचाच, पण श्वासाची लक्षणं असतील तर ८० च्या खालीच करायचा. तुम्ही ६८ वर आहात आणि लक्षणं तुम्ही स्वतःच लिहून पाठवली आहेत. म्हणजे 'अजून वेळ आहे' असं म्हणायची ही वेळ नाही. लोकांना बायपॅप म्हणजे शेवट जवळ आला असं वाटतं, आणि या समजापायी ज्यांना ते सर्वांत जास्त उपयोगी पडलं असतं ते सहा महिने गमावतात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलमध्ये झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांचं गिळणं-बोलणं फारसं बिघडलेलं नव्हतं अशा रुग्णांना बायपॅपने, मधला आकडा धरला तर, २०५ दिवसांचं जास्तीचं आयुष्य दिलं, आणि ते दिवस चांगल्या झोपेचे होते. तुम्ही नेमके त्या गटात बसता. सवय करायला दुपारी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून सुरुवात करा. दुकानदार सीपॅप किंवा ऑटो-सीपॅप देऊ करेल, ते घोरण्याच्या आजाराचं यंत्र आहे, तुम्हाला चालणार नाही. तुम्हाला बॅकअप रेट (तुमचा श्वास मंदावला तर यंत्राने स्वतःहून श्वास देण्याची सोय) असलेलं बायपॅप लागेल. ते सुरू झालं की वहीतले आकडे कमी महत्त्वाचे होतात, कारण यंत्रच रोजचे तास, मास्कची गळती आणि प्रत्येक श्वासात गेलेली हवा नोंदवून ठेवतं. यंत्रातलं ते नोंदींचं कार्ड दर भेटीला घेऊन जा.

बहिणीकडचा कॉन्सन्ट्रेटर बहिणीकडेच राहू द्या. ऑक्सिजन दिल्याने कार्बन डायऑक्साइड बाहेर जात नाही. बोटावरचा आकडा ९९ होतो, घरचे निर्धास्त होतात, आणि थकलेला श्वास आणखी मंदावून माणूस गुंगीत जातो. दिवसभर झोपतात म्हणून बोलावणं यावं, जाऊन बघावं तर नाकात नळी आणि ऑक्सिमीटर ९९, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे. न्यूमोनियासारख्या प्रसंगी ऑक्सिजन लागतो, पण तेव्हा तो बायपॅपसोबत आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली. हेच झोपेच्या गोळ्यांचं. झोप लागत नाही म्हणून फॅमिली डॉक्टरांकडून गोळी घेण्याआधी झोप का लागत नाही ते शोधलं पाहिजे.

अन्न देण्यासाठी पोटातून नळी घालायचा विषय डॉक्टरांनी काढला तर तो टाळू नका. एफव्हीसी ५० च्या वर असताना ती प्रक्रिया जास्त सुरक्षित असते, तुम्हाला आज गिळता येत असलं तरीही.

विजेचं आत्ताच बघा. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज तासन् तास गेली होती, ते तुम्हाला आठवत असेल. बायपॅप घेताना बॅटरी त्याच बिलात घ्या, आणि सोसायटीच्या जनरेटरवर फक्त लिफ्ट चालते की घरातला एखादा पॉइंटही, हे सेक्रेटरींना विचारून ठेवा.

शेवटी एक कागद. केसपेपरच्या फाइलमध्ये सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात: एएलएस आहे, श्वासाचे स्नायू कमकुवत आहेत, नुसता ऑक्सिजन देऊ नये, एबीजी करावी, बायपॅप सोबत आणला आहे. खाली शेवटची एफव्हीसी, खोकल्याचा आकडा, डॉक्टरांचा फोन. घशाला छिद्र पाडून व्हेंटिलेटर हवा की नको, हे तुम्ही आणि घरच्यांनी बोलून ठरवलं असेल तर तेही त्यावर असावं. ठरवलं नसेल तर ते बोलणं शांत दिवशी, तुमचा आवाज खणखणीत असतानाच करा. रात्री १०८ ला फोन केल्यावर येणाऱ्या डॉक्टरांनी तुम्हाला कधी पाहिलेलं नसेल आणि घरचे घाबरलेले असतील, तेव्हा तो कागद त्यांच्या हातात पडायला हवा. एक प्रत फ्रिजच्या दारावर लावा.